गाडी, कर्ज आणि पोलीस ठाणे: रोजच्या कायदेशीर शंकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाक्यावर अडवलेली दुचाकी, विकून टाकलेल्या गाडीवर येणारे चलान, कधीही न घेतलेल्या कर्जाचा हप्ता मागणारा फोन, अशा प्रसंगी माणूस गांगरतो आणि नेमकी त्याच वेळी त्याच्या हातून मुदत निघून जाते. कायद्याने दिलेले संरक्षण बहुधा पुरेसे असते. ते वेळेत आणि लेखी मागितले जात नाही, ही खरी अडचण आहे. म्हणून पुढील उत्तरांत कलमांइतकाच भर कोणाला, काय आणि किती दिवसांत लिहून द्यायचे यावर दिला आहे. माहिती महाराष्ट्रातील वाचकांसाठी आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहिता यांच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या; त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र जुन्या दंड संहितेचीच कलमे लागतात.

प्रश्न: जमावबंदी किंवा संचारबंदी लागू असताना स्वतःची गाडी घेऊन बाहेर पडता येते का?

जमावबंदीत ठरावीक संख्येपेक्षा अधिक लोकांनी एकत्र येण्यावर बंदी असते. कामावर किंवा दवाखान्यात गाडीने जाणे त्यात मोडत नाही, मात्र आदेशात वाहनांविषयी वेगळी अट घातलेली नसावी. संचारबंदीत बाहेर पडण्यावरच बंदी असते आणि अत्यावश्यक सेवा, रुग्णालय, औषधे अशा सवलती आदेशातच लिहिलेल्या असतात. हे आदेश नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. पूर्वी हेच कलम १४४ म्हणून ओळखले जात असे. असा आदेश सर्वसाधारणपणे दोन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकत नाही, आणि राज्य शासनाला तो त्यापुढे फार तर सहा महिने वाढवता येतो. मुंबई-पुण्यासारख्या आयुक्तालयांत पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खालीही मनाईचे आदेश काढतात.

म्हणून गटात फिरणाऱ्या संदेशावर विसंबू नये आणि मूळ आदेशाची प्रत वाचावी. तिच्यात हद्द, कालावधी आणि सवलती या तीन गोष्टी असतात, आणि आपली गाडी कोणत्या सवलतीत बसते हे त्यावरून ठरते. रुग्णाला घेऊन जाताना डॉक्टरांची चिठ्ठी, कामावर जाताना ओळखपत्र आणि आस्थापनेचे पत्र जवळ ठेवावे.

आदेशभंगाची शिक्षा नव्या कायद्यात वाढली आहे, हे अनेकांना अजून ठाऊक नाही. जुन्या दंड संहितेच्या कलम १८८ खाली साध्या आदेशभंगाला एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड होता. न्याय संहितेच्या कलम २२३ खाली तो सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड असा झाला आहे, आणि आदेशभंगामुळे लोकांच्या जिवाला धोका निर्माण होत असेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोन्ही शिक्षा एकत्रही होऊ शकतात. संबंधित लोकसेवकाच्या लेखी फिर्यादीवाचून न्यायालयाला या गुन्ह्याची दखल घेता येत नाही. शिक्षा ठरवणे न्यायालयाचे काम आहे. रस्त्यावर रोख रक्कम घेऊन प्रकरण मिटवण्याची तरतूद या कलमात नाही.

प्रश्न: २०२० च्या लॉकडाऊनमध्ये विनापरवाना गाडी चालवल्याबद्दल माझ्यावर कलम १८८ खाली गुन्हा दाखल झाला होता. आता नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो दिसतो. काय करावे?

लॉकडाऊनच्या काळात नोंदवलेले कलम १८८ चे गुन्हे मागे घेण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये घेतला. ज्या प्रकरणांत शासकीय कर्मचाऱ्यांवर हल्ला झाला होता किंवा मालमत्तेचे मोठे नुकसान झाले होते, ती त्यातून वगळली होती. शासनाने निर्णय घेतला म्हणजे प्रत्येक गुन्हा आपोआप संपला, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात खटला न्यायालयात दाखल झाला असेल तर सरकारी अभियोक्त्याने अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाने संमती द्यावी लागते. तो अर्ज आपल्या प्रकरणात झाला आहे की नाही, हे आपणच तपासायचे आहे.

आधी पोलीस ठाण्यातून गुन्हा क्रमांक मिळवावा, मग ई-कोर्ट्स सेवेवर किंवा न्यायालयाच्या कार्यालयात खटल्याची स्थिती पाहावी. खटला मागे घेतल्याचा आदेश झाला असेल तर त्याची प्रमाणित नक्कल काढून पडताळणी करणाऱ्या कार्यालयाला द्यावी. खटला अजून प्रलंबित असेल तर शासन निर्णयाचा हवाला देऊन अभियोक्ता कार्यालयाला लेखी विनंती करावी.

एक प्रकार मात्र वेगळा आहे. काहींनी त्या वेळी न्यायालयात गुन्हा कबूल करून दंड भरला. ती दोषसिद्धी आहे, आणि खटला मागे घेण्याच्या निर्णयाने ती पुसली जात नाही. त्यामुळे नोकरीच्या अर्जात ‘गुन्हा दाखल झाला होता का’ या रकान्यात ‘नाही’ लिहू नये. किरकोळ गुन्ह्याकडे नियोक्ता दुर्लक्ष करू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मधील एका निर्णयात म्हटले आहे. परंतु माहिती दडवणे हेच नोकरी जाण्याचे कारण ठरल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. खरे लिहावे आणि सोबत कागद जोडावा.

प्रश्न: वाहतूक पोलिसांनी अडवल्यावर कागदपत्रे मोबाइलवर दाखवलेली चालतात का? ते गाडीची चावी काढून घेऊ शकतात का?

गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास लायसन दाखवणे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३० प्रमाणे बंधनकारक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १३९ नुसार लायसन, आरसी, विमा, पीयूसी ही कागदपत्रे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवता येतात. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या अ‍ॅपमधील प्रत त्यासाठी ग्राह्य आहे. फोनच्या गॅलरीत ठेवलेला लायसनचा फोटो मात्र या नियमात बसत नाही, आणि नाक्यावरचे निम्मे वाद या एका गोष्टीवरून होतात.

चालत्या किंवा उभ्या गाडीची चावी काढून घेण्याचा अधिकार देणारी स्वतंत्र तरतूद मोटार वाहन अधिनियमात नाही. नोंदणी, परवाना किंवा लायसन नसताना गाडी चालवली जात असेल तर कलम २०७ खाली गाडी अडकवून ठेवता येते. तीही विहित पद्धतीने. लायसन ताब्यात घेतले तर अधिकाऱ्याने तात्पुरती पोचपावती द्यावी लागते, आणि ती मागून घेण्यात संकोच करू नये. नाक्यावर हुज्जत घालण्यातून हाती काही लागत नाही. अधिकाऱ्याचे नाव, वेळ आणि ठिकाण लिहून ठेवावे आणि त्याच दिवशी वाहतूक शाखेच्या वरिष्ठांकडे लेखी तक्रार द्यावी.

प्रश्न: लायसनची मुदत संपून वीस दिवस झाले. तीस दिवसांची सवलत असते ना?

आता नाही. ती सवलत २०१९ च्या दुरुस्तीने काढून टाकली. मुदत संपण्याआधी एक वर्ष ते संपल्यानंतर एक वर्ष या काळात नूतनीकरण करता येते. त्यानंतर पुन्हा चाचणी द्यावी लागते. नूतनीकरण होईपर्यंत गाडी चालवू नये, कारण या काळात अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईच्या जबाबदारीविषयी हरकत घेते.

प्रश्न: सतरा वर्षांच्या मुलाने जवळच क्लासला स्कूटर नेली तर काय होईल?

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही, असे हे परिणाम आहेत. सोळा वर्षे पूर्ण झालेल्याला ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीचे लायसन मिळू शकते. परंतु बाजारातील नेहमीच्या पेट्रोल स्कूटर शंभर सीसीच्या वर असतात, त्यामुळे त्या लायसनचा तिथे उपयोग होत नाही. ‘जवळच तर जायचे होते’ हा बचाव न्यायालयात टिकत नाही, आणि अपघातात दुसऱ्याचा जीव गेला तर भरपाईचा भार सगळ्या घरावर येतो. या बाबतीत पालकांनी मुलाचा रुसवा सहन करावा, असेच आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न: जुनी दुचाकी मी दोन वर्षांपूर्वी विकली, पैसेही रोख मिळाले, पण चलान अजून माझ्याच मोबाइलवर येतात. माझी जबाबदारी आहे का?

आरसीवर नाव आपले असेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक आपणच आहात. चलान ही त्यातली लहान गोष्ट झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशाच प्रकरणात, गाडी पुढे दोन-तीन हातांत गेलेली असूनही, आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार ठरतो, असा निर्णय दिला. गाडीचा विमा संपलेला असेल तर ती भरपाई थेट नोंदणीकृत मालकाच्या खिशातून जाते. चोरीसाठी किंवा सोनसाखळी ओढण्यासाठी गाडी वापरली गेली तर पोलीसही सर्वांत आधी याच मालकाच्या दारी येतात.

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० प्रमाणे एकाच राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचे असते. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० आहेत. आपल्याकडे सर्रास असे होते की कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ते दलालाच्या हाती दिले जातात आणि तो फॉर्म पुढच्या गिऱ्हाइकाची वाट पाहत ड्रॉवरमध्ये पडून राहतो. नमुना २९ विकणाऱ्याने स्वतः आरटीओत द्यावा आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा.

दोन वर्षे उलटून गेली असली तरी आता थांबू नये. आरटीओला अर्ज द्यावा. त्यात विक्रीची तारीख, घेणाऱ्याचे नाव-पत्ता, विक्री करारनामा किंवा ताबा पावती, पैसे मिळाल्याचा पुरावा जोडावा आणि हस्तांतराची नोंद घेण्याची विनंती करावी. घेणाऱ्याला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवावी. गाडी कोठे आहे हेच कळत नसेल तर पोलीस ठाण्यातही अर्ज देऊन पोच घ्यावी. या कागदांनी नोंदणीकृत मालकाची जबाबदारी पूर्ण संपत नाही. मात्र फौजदारी प्रकरणात आपण तेव्हा गाडी चालवत नव्हता, हे दाखवायला आणि भरपाईचा भार पुढच्या मालकाकडून वसूल करायला त्यांचाच आधार मिळतो.

प्रश्न: चलान आल्याचा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर आला आहे आणि सोबत एक फाइल आहे. उघडावी का?

उघडू नये. ‘आरटीओ चलान’ अशा नावाची, शेवटी एपीके असलेली फाइल हा फसवणुकीचा परिचित प्रकार आहे. ती फोनमध्ये बसली की संदेश वाचण्याची परवानगी मिळवते आणि बँकेचे ओटीपी परस्पर चोरांकडे जातात. गाडी क्रमांक आणि चासी क्रमांकाचे शेवटचे आकडे घालून महाट्रॅफिकच्या किंवा केंद्राच्या ई-चलान संकेतस्थळावर चलान स्वतः शोधावे. खरे चलान असेल तर तिथे छायाचित्रासह दिसेल. छायाचित्रात गाडी दुसऱ्याचीच असेल, क्रमांक चुकीचा वाचला गेला असेल, तर त्याच ठिकाणी तक्रार नोंदवता येते.

फाइल उघडली गेली असेल तर फोनचे इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते आणि यूपीआय थांबवावे, आणि १९३० या सायबर फसवणूक मदत क्रमांकावर फोन करावा.

प्रश्न: गृहकर्जासाठी बँकेत गेलो तेव्हा कळले की माझ्या पॅनवर कोणीतरी आधीच कर्ज घेतले आहे आणि हप्ते थकले आहेत. सुरुवात कोठून करावी?

हा प्रश्न आता शहरात आणि तालुक्याच्या गावातही सारखाच येतो, आणि त्यात सर्वांत जास्त नुकसान घाईने होते. वसुलीवाला म्हणतो, ‘पाच हजार भरा, स्कोअर सुधारेल.’ तसे करू नये. एक हप्ता भरला तरी कर्ज आपले असल्याची कबुली दिली, असा अर्थ काढला जातो. तडजोडीच्या पत्रावर सही केली तर पत अहवालात, म्हणजे आपल्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदीत, ‘सेटल्ड’ (पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलेले) असा शेरा पडतो आणि पुढची बँक तो शेरा पाहूनच अर्ज बाजूला ठेवते.

पहिले काम म्हणजे पूर्ण पत अहवाल मिळवणे. देशात ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि सीआरआयएफ हायमार्क या चार पत माहिती कंपन्या आहेत, आणि प्रत्येकीकडून दर कॅलेंडर वर्षी एक संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा आपला हक्क आहे. चारही मागवावेत, कारण एकीकडे नसलेले कर्ज दुसरीकडे सापडते.

अहवाल वाचताना स्कोअरच्या आकड्यावर नजर खिळवू नये. आधी वैयक्तिक माहितीचा भाग पाहावा: तिथे आपल्या नावापुढे न ओळखीचा मोबाइल क्रमांक, पत्ता किंवा ईमेल दिसतो का? बनावट कर्ज घेणारा ओटीपी स्वतःकडे यावा म्हणून आपला क्रमांक देतो आणि तो क्रमांक तारखेसह इथे नोंदला जातो. तपासासाठी हा फार मोलाचा धागा असतो. नंतर खात्यांची यादी पाहावी. कर्ज एखाद्या अ‍ॅपवरून दिलेले असेल तर अहवालात अ‍ॅपचे नाव नसून मागच्या वित्तीय कंपनीचे नाव असते, म्हणून अनोळखी नाव दिसले की खाते उघडल्याची तारीख आणि रक्कम टिपून घ्यावी. शेवटी चौकशांचा भाग येतो. कोणत्या संस्थेने कोणत्या दिवशी आपला अहवाल मागवला हे त्यात असते, आणि अजून मंजूर न झालेले बनावट अर्जही तिथेच पकडले जातात.

दुसरे काम, कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र. ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्ट, दोन्ही मार्गांनी पाठवावे. मजकूर असा पुरतो: ‘आपल्या संस्थेने माझ्या पॅनवर अमुक तारखेला अमुक क्रमांकाचे कर्ज दिल्याचे माझ्या पत अहवालात दिसते. हे कर्ज मी मागितलेले नाही, करारावर सही केलेली नाही आणि रक्कम मला मिळालेली नाही. कर्जाचा अर्ज, केवायसीची कागदपत्रे, छायाचित्र, ई-स्वाक्षरीची नोंद, अर्जाच्या वेळी वापरलेला मोबाइल क्रमांक आणि रक्कम ज्या बँक खात्यात जमा केली त्याचा तपशील द्यावा. चौकशी पूर्ण होईपर्यंत वसुली थांबवावी आणि पत माहिती कंपन्यांकडील नोंद दुरुस्त करावी.’ यातील बँक खात्याच्या तपशिलाची मागणी सर्वांत महत्त्वाची आहे. डिजिटल कर्जाची रक्कम, काही मोजके अपवाद वगळता, थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात गेली पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. ती दुसऱ्याच्या खात्यात गेली असेल तर उत्तर देण्याची वेळ संस्थेवर येते.

तिसरे, चारही कंपन्यांच्या संकेतस्थळावर त्या नोंदीविरुद्ध तक्रार नोंदवावी. तक्रार निकाली काढायला तीस दिवस आहेत. त्यातील एकवीस दिवसांत कर्ज देणाऱ्या संस्थेने आपली बाजू कळवायची असते. तीस दिवसांनंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. ही भरपाई मिळते ती तक्रारीची तारीख सिद्ध करता आली तरच, म्हणून तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा.

चौथे, पोलिसांत तक्रार. दुसऱ्याची ओळख वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६क खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे (इंग्रजी मजकुरात हेच कलम ६६ पुढे सी या अक्षराने येते), आणि तोतयेगिरी व फसवणूक यांसाठी न्याय संहितेची कलमे ३१९ आणि ३१८ लागतात. तीस दिवसांत संस्थेचे उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. त्यासाठी वकील लागत नाही.

पुढे असे होऊ नये यासाठी एवढे करावे: झेरॉक्स देताना पॅनच्या प्रतीवर आडवी रेघ मारून कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते लिहावे, आधारची प्रत शेवटचे चारच आकडे दिसणारी द्यावी, बायोमेट्रिक लॉक ठेवावे, आणि आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हे संचार साथी संकेतस्थळावर अधूनमधून पाहावे.

प्रश्न: खात्यातून पैसे गेले आणि ओटीपी मीच सांगितला होता. आता काहीच होणार नाही का?

होऊ शकते, पण घड्याळाकडे पाहून हालचाल करावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेली चौकट अशी आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्या यंत्रणेत कोठेतरी आहे, अशा वेळी बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर नेहमीच्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत तोटा ग्राहकाचा. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. ग्राहकाने ओटीपी सांगितल्यासारखी चूक केली असेल तर कळवेपर्यंतचा तोटा त्याचा आणि कळवल्यानंतर झालेला प्रत्येक व्यवहार बँकेच्या माथी. म्हणून पहिले पाच हजार गेल्याच्या धक्क्यात बसून राहिल्यास पुढचे पन्नास हजारही आपलेच जातात.

ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, आणि शाखेत तोंडी ‘तुम्हीच ओटीपी दिला असणार’ असे म्हटल्याने तो पार पडत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय स्टेट बँकेची याचिका फेटाळून लावली. आसाममधील त्या ग्राहकाने बनावट ग्राहक सेवेच्या सांगण्यावरून एक अ‍ॅप घेतले होते आणि त्याचे ९४ हजारांहून अधिक रुपये गेले होते. त्याने चोवीस तासांच्या आत कळवल्याची न्यायालयाने दखल घेतली आणि रक्कम परत करण्याचा आदेश कायम ठेवला. सहकारी बँकांसाठीही डिसेंबर २०१७ मध्ये अशाच सूचना निघाल्या आहेत, त्यामुळे ‘आम्ही सहकारी आहोत, आम्हाला हे लागू नाही’ हे उत्तर मान्य करू नये.

क्रम असा ठेवावा: १९३० वर फोन, बँकेच्या अधिकृत क्रमांकावर फोन, त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार आणि शाखेत लेखी अर्ज. १९३० वर बोलताना व्यवहाराचा यूटीआर (संदर्भ) क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी असावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फार झपाट्याने फिरवले जातात. ते कोठेतरी गोठले तर न्यायालयाच्या आदेशाने परत मिळू शकतात.

प्रश्न: मी दुकानदार आहे. एका गिऱ्हाइकाने यूपीआयवर दिलेले पैसे फसवणुकीचे निघाले आणि माझे पूर्ण खाते गोठले. माझा काय दोष?

दोष नसतानाही असे होते, कारण चोरीची रक्कम ज्या-ज्या खात्यात पोचली ती सर्व खाती पोलिसांच्या सूचनेवरून थांबवली जातात. बँकेकडून लेखी घ्यावे की कोणत्या राज्यातील कोणत्या ठाण्याच्या, कोणत्या क्रमांकाच्या तक्रारीवरून आणि किती रकमेसाठी खाते थांबवले आहे. मग त्या ठाण्याच्या तपास अधिकाऱ्याला विक्रीचे बिल, माल दिल्याची नोंद आणि दुकानाचा परवाना ईमेलने पाठवून फक्त वादातील रक्कम रोखून बाकीचे खाते मोकळे करण्याची विनंती करावी. दीड हजाराच्या व्यवहारासाठी संपूर्ण खाते बंद ठेवणे अवाजवी आहे, अशी भूमिका अनेक उच्च न्यायालयांनी घेतली आहे. उत्तर न आल्यास दंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करता येतो.

प्रश्न: हप्ते थकले हे खरे आहे, पण वसुलीवाले रात्री फोन करतात आणि नातेवाइकांनाही सांगतात.

कर्ज फेडणे आपले कर्तव्य आहे. अपमान सोसणे त्यात येत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे की सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत, धमकी देता येत नाही, नातेवाइकांना व मित्रांना त्रास देता येत नाही, आणि एजंट काय करतो याची जबाबदारी संस्थेचीच आहे. गाडी बळजबरीने ओढून नेण्याच्या पद्धतीवर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच कडक ताशेरे ओढले आहेत. फोनची नोंद जपून संस्थेला आणि नंतर लोकपालाला कळवावे. धमकी असेल तर न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली पोलिसांत जावे.

पैसे विनापरवाना सावकाराचे असतील तर मार्ग वेगळा आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करावी. सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर ती परत मिळवण्याची तरतूद याच कायद्यात आहे.

प्रश्न: मित्राच्या पतसंस्थेच्या कर्जाला मी जामीनदार आहे. आधी त्याच्याकडून वसूल करा, असे म्हणता येईल का?

येत नाही. करार अधिनियमाच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळे काही ठरले नसेल तर. वडिलांनी मागे ठेवलेल्या कर्जाचे मात्र तसे नाही: आपण जामीनदार किंवा सहकर्जदार नसाल तर त्यांच्याकडून वारशाने जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतीच आपली जबाबदारी असते.

प्रश्न: ठाण्यात गेलो तर एनसी लिहून घेतली, एफआयआर नाही. आमच्या हद्दीत येत नाही, असेही सांगितले.

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. फसवून पैसे काढून घेणे हा दखलपात्र गुन्हा आहे, त्यामुळे एनसीवर समाधान मानू नये. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडलेला असला तरी माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, तिची प्रत विनामूल्य मिळते, आणि इलेक्ट्रॉनिक मार्गाने माहिती दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस चौदा दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करू शकतात, हे लक्षात ठेवावे.

ठाणे अंमलदाराने नकार दिल्यास तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालयात उपायुक्तांना पोस्टाने पाठवावी. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५ खाली शपथपत्रासह अर्ज करता येतो. मात्र अधीक्षकांना पाठवल्याची पावती जोडलेली नसेल तर तो अर्ज तिथेच अडतो.

प्रश्न: व्हिडिओ कॉलवर गणवेशातील माणूस म्हणतो की तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे.

अशी कोणतीही अटक कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, ईडी किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर कोणाला कोंडून ठेवत नाही आणि पडताळणीसाठी पैसे मागत नाही. हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये म्हटले आहे. कॉल कापावा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला लगेच सांगावे. हे चोर ‘कोणाला सांगू नका’ असे बजावतात ते यासाठीच, आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना आजच हे समजावून सांगणे निकडीचे आहे.

प्रश्न: वकिलाची फी परवडत नाही. मोफत मदत कोणाला मिळते?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे आणि तालुका न्यायालयात तालुका समितीचे कार्यालय आहे. १५१०० हा दूरध्वनी क्रमांकही आहे. साध्या कागदावर अर्ज चालतो. जाताना आतापर्यंत दिलेल्या तक्रारींच्या पोच लागलेल्या प्रती, बँकेचे उतारे आणि आलेल्या नोटिसा तारखेच्या क्रमाने लावून न्याव्यात, कारण नेमलेल्या वकिलाला मुदत शिल्लक आहे की नाही हे पहिल्याच भेटीत पाहावे लागते.